घटक ४ : अवकाशातून दिसणारे माळरान – मुळशी ते कऱ्हेपठार

४.० उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर तुम्हांला,
• उपग्रहाने टिपलेली प्रतिमा कशी तयार होते व ती कशी वाचावी, हे सांगता येईल.
• सॅव्हाना म्हणजेच वृक्षयुक्त माळरान या परिसंस्थेची लक्षणे स्पष्ट करता येतील.
• एकाच रंगाच्या दोन भूभागांचा इतिहास वेगळा असू शकतो, हे उदाहरणांसह दाखवता येईल.
• भूप्रदेशाचा इतिहास समजून घेण्यासाठी मराठी शब्द, स्थलनामे आणि वाङ्मय यांचा पुरावा म्हणून कसा उपयोग होतो, याचे विवेचन करता येईल.

४.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, साहित्याच्या अभ्यासात आपण संहिता वाचतो. शब्दाचा अर्थ संदर्भाशिवाय लागत नाही, हे आपल्याला ठाऊक असते. भूप्रदेश हीसुद्धा एक प्रकारची संहिताच आहे आणि आज ती आपल्यापुढे बहुधा उपग्रहाच्या प्रतिमेच्या रूपाने येते. जमिनीविषयीचे अनेक निर्णय आता अशा प्रतिमांच्या आधारे घेतले जातात. कोणती जमीन वन, कोणती शेती आणि कोणती ‘पडीक’ हे ठरवण्यात त्यांचा मोठा वाटा असतो. म्हणून ही संहिता नीट वाचता येणे हे केवळ भूगोलाच्या विद्यार्थ्याचे काम राहिलेले नाही.

या घटकात आपण पुणे जिल्ह्याचा एक पट्टा वाचणार आहोत. पश्चिमेला सह्याद्रीच्या माथ्यावरील मुळशी तालुका आणि आग्नेयेला सासवड, जेजुरी, सुपे, बारामती हा कऱ्हेच्या खोऱ्याचा पठारी प्रदेश, ही त्याची दोन टोके होत. मुळशीच्या घाटमाथ्यावर वर्षाला तीन-चार हजार मिलिमीटर आणि ताम्हिणीसारख्या ठिकाणी त्याहूनही अधिक पाऊस पडतो. पुणे शहरात तो सुमारे ७०० मिलिमीटरवर येतो आणि बारामतीकडे ५०० मिलिमीटरच्या आसपास उरतो. दीडशे-दोनशे किलोमीटरच्या आत पावसात एवढा फरक पडतो. या फरकाचा विसर पडला की प्रतिमेचे वाचन कसे चुकते, हे या घटकात आपल्याला पाहायचे आहे.

४.२ विषय-विवेचन

४.२.१ उपग्रह काय पाहतो?

उपग्रहातील संवेदक जमिनीवरून परावर्तित झालेला प्रकाश मोजतो. आपल्या डोळ्यांना दिसणाऱ्या लाल, हिरव्या, निळ्या प्रकाशाबरोबरच न दिसणारा अवरक्त प्रकाशही तो टिपतो. हिरवे पान तांबडा प्रकाश शोषून घेते आणि निकट-अवरक्त प्रकाश मोठ्या प्रमाणात परत पाठवते. या गुणधर्मावर वनस्पती निर्देशांक आधारलेला आहे. निकट-अवरक्त परावर्तनातून तांबडे परावर्तन वजा करायचे आणि येणाऱ्या संख्येला त्या दोहोंच्या बेरजेने भागायचे, एवढेच त्याचे सूत्र आहे.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. दाट पानांच्या रानात अवरक्त परावर्तन ०.४० आणि तांबडे ०.१० असेल, तर निर्देशांक ०.३० भागिले ०.५०, म्हणजे ०.६ येईल. वाळलेल्या गवताच्या माळावर हीच मूल्ये ०.३० आणि ०.२० असतील, तर निर्देशांक ०.२ येईल. दुसरी संख्या लहान आहे, याचा अर्थ एवढाच की त्या दिवशी तेथे हिरवी पाने कमी होती. तेथे जीवसृष्टी कमी आहे असा अर्थ या संख्येतून निघत नाही.

दुसरी मर्यादा प्रतिमेच्या सूक्ष्मतेची आहे. प्रतिमा लहान चौकोनांची बनलेली असते आणि प्रत्येक चौकोनाला प्रत्येक प्रकाशपट्ट्यासाठी एकच मूल्य मिळते. भारताचा पहिला पूर्णतः कार्यकारी (प्रायोगिक नसलेला) दूरसंवेदन उपग्रह आयआरएस-१ए हा १७ मार्च १९८८ रोजी अवकाशात गेला. त्याच मालिकेतील पुढील रिसोर्ससॅट उपग्रहांवरील लिस-३ या संवेदकाचा चौकोन साडेतेवीस मीटर बाजूचा, म्हणजे सुमारे साडेपाच गुंठ्यांचा आहे. युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहाचा सर्वांत लहान चौकोन दहा मीटर बाजूचा, म्हणजे जवळजवळ एक गुंठ्याचा आहे. त्या गुंठ्यात एक हिवराचे झाड, कुसळीचे गवत, खोकडाचे बीळ आणि शेळ्यांची पायवाट असली, तरी प्रतिमेत त्या सर्वांचा मिळून एकच ठिपका होतो.

तिसरी गोष्ट प्रतिमेच्या तारखेची. सप्टेंबरमधील माळ हिरवागार दिसतो आणि मार्चमधील माळ पिवळट-तपकिरी दिसतो. जागा एकच असली, तरी दोन महिन्यांतील दोन चित्रे पाहणाऱ्यास ते दोन प्रदेश वाटावेत, इतका हा फरक असतो.

स्वयं-अध्ययन प्रश्न – १
(अ) वाळलेल्या गवताचा वनस्पती निर्देशांक कमी का येतो?
(आ) सेंटिनेल-२ च्या प्रतिमेतील सर्वांत लहान चौकोन सुमारे किती गुंठ्यांचा असतो?

४.२.२ प्रतिमेवरील प्रवास

आता मार्च महिन्यातील एक प्रतिमा डोळ्यांपुढे आणा. अभ्यासासाठी बहुधा मिथ्यावर्ण प्रतिमा वापरतात. तीत अवरक्त प्रकाशाला तांबडा रंग दिलेला असतो, त्यामुळे हिरवी वनस्पती तांबडी दिसते.

पश्चिमेला सह्याद्रीच्या कड्यालगत गडद तांबडे पट्टे दिसतात. ती ताम्हिणी परिसरातील निमसदाहरित आणि सदाहरित झाडी होय. तिच्या पूर्वेला काळसर निळा, फाटे फुटलेला आकार दिसतो, तो मुळशीचा जलाशय. तेथील पाण्याचा रंग इतर कोणत्याही खोल जलाशयासारखाच असतो. या पाण्याखाली गेलेली गावे आणि १९२१ ते १९२४ या काळात सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी केलेला मुळशी सत्याग्रह त्या निळ्या रंगात दिसत नाही. प्रतिमेचा रंग वर्तमान सांगतो. भूतकाळासाठी दुसरा साक्षीदार शोधावा लागतो. हे सूत्र लक्षात ठेवा, पुढे ते पुन्हा उपयोगी पडेल.

जलाशयाच्या भोवती डोंगरउतारांवर फिकट, करडे-पिवळट तुकडे दिसतात. पूर्वेकडे हिंजवडीपासून पुणे शहराचा निळसर-राखी विस्तार लागतो. दिवे घाट ओलांडून आपण कऱ्हेच्या खोऱ्यात उतरतो आणि पुन्हा तोच फिकट करडा-पिवळट रंग, आता मैलोगणती पसरलेला, दिसू लागतो. त्याच्या दक्षिणेला नीरा डाव्या कालव्याच्या काठचा ऊस तेजस्वी तांबडा उमटतो.

केवळ रंगावरून निवाडा केला, तर ऊस सर्वांत समृद्ध ठरेल. मुळशीचे उघडे उतार आणि कऱ्हेपठारावरील माळ दोन्ही सारखेच उजाड ठरतील. हा निवाडा किती योग्य आहे, ते आता तपासू.

४.२.३ एक रंग, तीन इतिहास

मुळशीच्या उघड्या उतारांपासून सुरुवात करू. तीन हजार मिलिमीटर पावसात पुरेशी माती असलेल्या जागी काय उगवते, याचे उत्तर त्याच तालुक्यातील देवराया देतात. देवाच्या नावाने राखलेल्या या रानांत उंच वृक्ष, जाडजूड वेली आणि ओलसर सावली आढळते. शेजारच्या उतारावर मात्र गवत आणि झुडपे असतात. राब भाजण्यासाठी फांद्यांची तोड, डोंगरउतारावरील नाचणी-वरईची फिरती शेती, कोळशाच्या भट्ट्या आणि वारंवार लागणारे वणवे यांनी येथील वन अनेक ठिकाणी मागे सरले आहे. अशा जागेला ‘अवनत वन’ म्हणणे योग्य ठरते आणि तेथे स्थानिक वृक्ष परत यावेत हा प्रयत्नही योग्य ठरतो.

परंतु घाटमाथ्यावरील प्रत्येक उघडी जागा तोडीने झालेली नसते. खडकाळ सड्यांवर मातीचा थर इतका पातळ असतो की तेथे वृक्ष मूळ धरू शकत नाही. पावसाळ्यात अशा सड्यांवर इवल्या वनस्पती फुलतात आणि नंतर खडक पुन्हा उघडा पडतो. सातारा जिल्ह्यातील कासचे पठार हे याचे सर्वपरिचित उदाहरण होय. २०१२ साली पश्चिम घाटाचा जागतिक वारसा यादीत समावेश झाला, त्यातील स्थळांत कासचाही अंतर्भाव आहे. या सड्यावर झाडे लावण्याचा आग्रह धरणे म्हणजे त्याचे वैशिष्ट्यच नाहीसे करणे होय.

तिसरा इतिहास कऱ्हेपठाराचा. तेथे पाऊस कमी, मुरमाड जमीन उथळ आणि कोरडा काळ आठ महिन्यांचा. अशा ठिकाणी गवताचे सलग आच्छादन आणि त्यात विखुरलेली काटेरी, कणखर झाडे अशी रचना दिसते. हिलाच सॅव्हाना म्हणतात. हा शब्द कॅरिबियन बेटांवरील भाषेतून स्पॅनिशमध्ये आणि तेथून जगभर गेला. आफ्रिकेतील सॅव्हाना आपण चित्रपटांत पाहतो. जेजुरीच्या वाटेवरची मात्र आपल्याला ओळखू येत नाही.

स्वयं-अध्ययन प्रश्न – २
मुळशीतील उघडा उतार आणि कऱ्हेपठारावरील माळ यांच्या इतिहासातील फरक चार वाक्यांत सांगा.

४.२.४ माळाची परिसंस्था

सॅव्हानातील गवते उष्ण, प्रखर उन्हात कार्यक्षम राहणाऱ्या विशिष्ट प्रकाशसंश्लेषण पद्धतीने अन्न तयार करतात. शास्त्रज्ञ त्यांना ‘सी-४’ गवते म्हणतात. ही गवते सुमारे ८० ते ६० लाख वर्षांपूर्वी जगाच्या उष्ण प्रदेशांत मोठ्या प्रमाणावर पसरली. त्यांना भरपूर ऊन लागते. दाट सावलीत ती टिकत नाहीत. म्हणून वृक्ष विरळ असणे ही त्यांच्या जगण्याची अट आहे.

कुसळी, पवन्या, मारवेल, शेडा ही आपल्याकडील नेहमीची गवते. त्यांत हिवर, बाभूळ, खैर, बोर, आपटा ही झाडे आणि तरवड, हेंकळ, नेपती ही झुडपे विखुरलेली असतात. गवताचा मोठा भाग जमिनीखाली असतो. वणवा लागला किंवा जनावरांनी चरले, तरी मुळाशी असलेला जीव शाबूत राहतो आणि पहिल्या पावसाबरोबर फुटवा येतो. हवेतून घेतलेला कार्बनही मोठ्या प्रमाणात मुळांत आणि मातीत साठतो. उपग्रहाच्या वनस्पती निर्देशांकाला हा भूमिगत साठा दिसत नाही.

या गवतावर चिंकारा आणि काळवीट जगतात. लांडगा, खोकड आणि तरस येथे वावरतात. माळटिटवी, धाविक आणि चंडोल उघड्या जमिनीवर घरटी करतात. माळढोक या नावातच ‘माळ’ आहे. महाराष्ट्रातून हा पक्षी जवळजवळ नाहीसा झाला आहे. बारामती तालुक्यात सुप्याजवळ चिंकाऱ्यांसाठी १९९७ साली मयूरेश्वर अभयारण्य घोषित झाले. त्याचे क्षेत्र पाच चौरस किलोमीटरांहून जेमतेम अधिक आहे. लांडग्याला एवढी जागा अपुरी पडते. तो अभयारण्याबाहेरच्या गायरानांत, पडींत आणि मेंढपाळांच्या वाड्यांच्या आसपास राहतो. माळाचे भवितव्य बहुतांशी संरक्षित सीमेच्या बाहेर ठरते, ते यामुळेच.

४.२.५ ‘पडीक’ हा शब्द आणि त्याचे परिणाम

मराठीत उघड्या जमिनीसाठी किती शब्द आहेत, ते पाहा : माळ, माळरान, बरड, मुरमाड, गायरान, कुरण, सडा, पठार. यांतील प्रत्येक शब्द जमिनीचा पोत, वापर किंवा स्थान सांगतो. गायरान म्हटले की गावाचा चराईचा हक्क सूचित होतो. कुरण म्हटले की राखलेले गवत. ‘पडीक’ हा शब्द मात्र जमिनीत काय आहे ते सांगत नाही, काय नाही ते सांगतो. शेतकरी ‘पड’ म्हणतो तेव्हा नांगरणीतून विसावलेली जमीन त्याच्या मनात असते. ब्रिटिश काळातील महसुली व्यवस्थेने सारा न देणाऱ्या विस्तीर्ण जमिनींवर हा शिक्का मारला आणि स्वातंत्र्यानंतरही तो पुसला गेला नाही.

केंद्र सरकारचा भूसंसाधन विभाग आणि राष्ट्रीय दूरसंवेदन केंद्र यांनी २००० सालापासून पडीक जमिनींचे नकाशासंग्रह प्रसिद्ध केले. ते उपग्रहीय प्रतिमांवर आधारलेले आहेत आणि झुडपी जमिनीचे मोठे क्षेत्र त्यांत पडीक म्हणून मोजले गेले आहे. एम. डी. मधुसूदन आणि अबी तमीम वनक या संशोधकांनी अशाच प्रतिमांचा उलट हेतूने उपयोग केला. देशातील अर्धशुष्क, नैसर्गिकरीत्या उघड्या परिसंस्थांचा त्यांनी नकाशा केला. त्यांच्या अंदाजाने अशा परिसंस्था सुमारे ३ लाख चौरस किलोमीटरवर, म्हणजे देशाच्या जवळपास एकदशांश भूमीवर आहेत आणि त्यांतील बहुतेक क्षेत्र अधिकृत नोंदीत पडीक ठरलेले आहे. उपग्रह तेच, प्रकाशही तोच. पाहणाऱ्याने विचारलेला प्रश्न बदलला आणि उत्तर बदलले.

शिक्क्याचे परिणाम जमिनीवर दिसतात. पडीक ठरलेल्या माळावर चर खोदून गिरिपुष्प, सुबाभूळ, नीलगिरी यांची रोपे लावली जातात. सौर प्रकल्प, औद्योगिक वसाहती आणि भूखंड यांसाठी तो सहज उपलब्ध समजला जातो. गवत गेले की चिंकारा जातो, आणि मेंढपाळ धनगराची वाटही बंद होते. जो मनुष्य या जमिनीला ‘माळ’ म्हणून ओळखतो, त्याचे मत निर्णयाच्या वेळी बहुधा विचारले जात नाही.

४.२.६ वाङ्मयाची साक्ष

माळ तोडीमुळे निर्माण झाले की मुळातच होते, हा प्रश्न येथे निर्णायक ठरतो. जयश्री रत्नम आणि सहकाऱ्यांनी २०११ साली प्रसिद्ध केलेल्या लेखात, आशियातील अनेक तथाकथित ‘वने’ वास्तविक सॅव्हाना आहेत, असे प्रतिपादन केले. परंतु उपग्रहीय प्रतिमांचा सलग संग्रह १९७२ सालच्या लँडसॅटपासून सुरू होतो. त्यापूर्वीच्या शतकांसाठी पुरावा कोठून आणायचा?

येथे मराठी वाङ्मय मदतीस येते. आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील यांनी २०२५ साली ‘पीपल अँड नेचर’ या नियतकालिकात एक संशोधन प्रसिद्ध केले. तेराव्या शतकापासूनच्या मराठी ग्रंथांतील आणि मौखिक परंपरेतील वनस्पतींचे व भूदृश्याचे उल्लेख त्यांनी एकत्र केले. पश्चिम महाराष्ट्रातील या उल्लेखांत सॅव्हानातील वनस्पतींचे प्रमाण ठळकपणे अधिक आढळले. या प्रदेशातील माळ किमान साडेसातशे वर्षांपासून अस्तित्वात आहेत, हा त्यांचा निष्कर्ष आहे.

या पद्धतीचा विस्तार तुम्हांला स्वतःही करता येईल. त्यासाठी साधनांचे चार प्रकार लक्षात घ्या.

(१) शब्द : आयुर्वेदात ‘आनूप’ म्हणजे पाणथळ देश आणि ‘जांगल’ म्हणजे कोरडा, विरळ झाडांचा, हरणांचा देश. आज आपण दाट अरण्याला ‘जंगल’ म्हणतो. त्या शब्दाचे मूळ मात्र उघड्या देशाच्या नावात आहे. मुळशी आनूपाजवळचा आणि कऱ्हेपठार जांगल, असे प्राचीन वैद्याने सांगितले असते.

(२) स्थलनामे : पुरंदरमधील हिवरे, शिरूरमधील बाभूळसर, इंदापूरमधील पळसदेव ही नावे माळावरील झाडांची आठवण देतात, मुळशीतील आंबवणे हे नाव वेगळ्या झाडाकडे बोट दाखवते. मात्र एकट्या नावावर विसंबू नये. नावाची व्युत्पत्ती लोकांनी मागाहूनही लावलेली असू शकते. म्हणून अनेक नावे एकत्र पाहावीत.

(३) दैवतकथा आणि आचार : जेजुरीच्या खंडोबाचे जुने स्थान कडेपठारावर आहे आणि त्याची दुसरी पत्नी बाणाई ही धनगर आहे. गुंथर सोन्थायमर यांनी बिरोबा, म्हस्कोबा, खंडोबा या दैवतांचा आणि धनगरांच्या ओव्यांचा अभ्यास करून दख्खनच्या पशुपालक संस्कृतीचे दर्शन घडवले. दसऱ्याला आपण सोने म्हणून लुटतो, तो आपटाही याच विरळ रानांतील वृक्ष आहे.

(४) मौखिक गीते : हेमा राईरकर आणि गी पॉयटेव्हिन यांच्या पुढाकाराने जात्यावरील एक लाखाहून अधिक ओव्या संकलित झाल्या. त्यांतील पुष्कळ ओव्या मुळशी तालुक्यातील गावांतून मिळालेल्या आहेत. त्या मुख्यतः स्त्रीजीवनाच्या आहेत. तरीही झाड, वाट, पाऊस, डोंगर यांचे उल्लेख वेगळे काढले, तर त्या परिसराची नोंदवहीसुद्धा होऊ शकतात.

वाङ्मयीन पुरावा वापरताना विवेक हवा. कवी पुष्कळदा संकेतानुसार झाडांची यादी देतो. त्याच्या बागेतील चंदन खरोखर तेथे होताच असे नाही. उलट, कथेच्या ओघात सहज आलेला काट्याचा, गवताचा किंवा बाभळीचा उल्लेख अधिक विश्वसनीय असतो, कारण तो शोभेसाठी आलेला नसतो. हे तारतम्य साहित्याच्या विद्यार्थ्याजवळ असते. येथे तो वैज्ञानिकाचा खराखुरा सहकारी होऊ शकतो.

४.३ सारांश

उपग्रहाची प्रतिमा परावर्तित प्रकाशाचे मोजमाप देते. ती तारखेवर, चौकोनाच्या आकारावर आणि वाचणाऱ्याच्या प्रश्नावर अवलंबून असते. मुळशीतील उघडा उतार हे अनेकदा मागे सरलेले वन असते, घाटमाथ्यावरील सडा ही खडकाची परिसंस्था असते आणि कऱ्हेपठारावरील माळ ही प्राचीन सॅव्हाना असते. प्रतिमेत तिन्ही फिकट दिसतात; उपाय मात्र तिन्हींचे वेगळे आहेत. पहिल्या ठिकाणी झाड लावणे हे जोपासणे ठरेल, तिसऱ्या ठिकाणी तेच झाड गवताचा जीव घेईल. हा भेद ओळखण्यासाठी पाऊस, माती आणि जीवसृष्टी यांबरोबर भाषेची साक्षही घ्यावी लागते.

४.४ पारिभाषिक शब्द

मिथ्यावर्ण प्रतिमा : अदृश्य प्रकाशाला दृश्य रंग देऊन तयार केलेली प्रतिमा.
वनस्पती निर्देशांक : हिरव्या पानांचे प्रमाण सुचवणारी संख्या.
सॅव्हाना : सलग गवत आणि विखुरलेली झाडे असलेली परिसंस्था.
सडा : सह्याद्रीच्या माथ्यावरील सपाट, खडकाळ पृष्ठभाग.

४.५ स्वयं-अध्ययन प्रश्नांची उत्तरे

१. (अ) वाळलेल्या गवतात हिरवे पान नसल्याने तांबडा प्रकाश कमी शोषला जातो. त्यामुळे अवरक्त आणि तांबड्या परावर्तनातील फरक घटतो. (आ) सुमारे एक गुंठ्याचा.
२. उत्तरात पावसाचे प्रमाण, देवराईची साक्ष, राब, फिरती शेती व तोड यांचा परिणाम आणि माळाचे प्राचीनत्व हे चार मुद्दे यावेत.

४.६ सरावासाठी स्वाध्याय

१. ‘प्रतिमेचा रंग वर्तमान सांगतो’ या विधानाचे मुळशी जलाशयाच्या उदाहरणाने स्पष्टीकरण करा.
२. ‘पडीक’ आणि ‘गायरान’ या शब्दांतून व्यक्त होणाऱ्या दृष्टिकोनांची तुलना करा.
३. भूप्रदेशाच्या इतिहासाचे साधन म्हणून वाङ्मयाचे महत्त्व व मर्यादा सांगा.

४.७ क्षेत्रीय कार्य

इस्रोच्या ‘भुवन’ या संकेतस्थळावर आपले गाव शोधा. गावाभोवतीची एक फिकट रंगाची जागा निवडून तिचे स्थान टिपून घ्या. मग प्रत्यक्ष तेथे जा आणि शक्य झाल्यास मेंढपाळाला किंवा वयोवृद्ध शेतकरी स्त्रीला सोबत घ्या. त्या जागेचे नाव काय, तेथील गवतांना आणि झुडपांना काय म्हणतात, पूर्वी तेथे काय होते, हे विचारा. मिळालेले शब्द सांगणाऱ्याच्या उच्चाराप्रमाणे लिहून ठेवा. जैवविविधता कायदा, २००२ नुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोकजैवविविधता नोंदवही असणे अपेक्षित आहे. आपली नोंद संबंधितांच्या संमतीने त्या समितीकडे द्या. उद्या त्या जागेविषयी ग्रामसभेत ठराव येईल, तेव्हा ‘पडीक’ या एका शब्दासमोर ठेवण्यासाठी तुमच्या गावाजवळ स्वतःचे वीस शब्द असतील.